गाडीवरच्या बाटलीचं कव्हर

तुम्ही शेवटचा दुरुस्त केलेला फ्रीजर चालू आहे. गफूरचाचा सांगून गेले. पहिल्यापेक्षा चांगला बर्फ धरतो म्हणाले. तुम्हाला ऐकून बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं.

तुम्हाला माती देऊन आज एकवीस दिवस झाले. माणसं येतात, बसतात, चहा घेतात आणि तुमच्याबद्दल एकच बोलतात. माणूस लई शांत होता, कधी कुणाला दुखवलं नाही, कधी तक्रार केली नाही. मी पदर तोंडाला लावून ऐकते. चारचौघांत मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चार माणसं काय, तुमच्याशीही मला कुठं बोलता आलं. म्हणून शिवूच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण एवढं लिहिता येतं. ती पोरगी कॉलेजात गेली की लिहिते आणि पिठाच्या डब्यामागं ठेवते.

मला तुमचा राग आला आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मग कुणावर रागवायचं?

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन राहिले, तेव्हा तुम्ही मला न्यायला औशाला आलात, गाडी घेऊन. वैशाख होता. माझी आई म्हणाली, एवढ्या उन्हात एसटीनं न्या. तुम्ही हसून म्हणालात, "मामी, काळजी करू नका, आमच्याकडं गार पाण्याची सोय हाय." मला वाटलं, फ्रीज दुरुस्त करणारा माणूस आहे, काहीतरी मशीन बसवलं असेल गाडीला. बघते तर हँडलला एक स्टीलची बाटली लटकवलेली, तिला तरट शिवलेलं, आणि ते तरट चिंब भिजवलेलं. 

गाडी निघाली. त्या तरटाचं पाणी वाऱ्यानं मागं यायला लागलं, थेंब थेंब, सगळं माझ्या पायावर. नवी साडी भिजली. मला वाटलं, बाटली गळून राहिली, सगळं पाणी चाललं. पण सांगायची लाज वाटली. लातूर गेलं, चाकूर आलं, मी गप. चाकूरच्या पुढं एका लिंबाखाली तुम्ही गाडी उभी केली आणि माझी साडी बघितली.

"हे काय? भिजलीस की."

मी खाली बघत म्हणाले, "बाटली गळतीया."

"कधीपासून?"

"औशापासून."

तुम्ही इतके हसलात की पलीकडं शेळ्या राखणारी म्हातारी वळून बघायला लागली. "अगं मग सांगायचं की! तोंड हाय का न्हाई? काही झालं तर सांगत जा मला. गप बसून भिजत राहती होय?"

मग तुम्ही झाकणात पाणी ओतलं आणि पहिलं मला दिलं. दात दुखावेत इतकं गार होतं ते. मी विचारलं, "बर्फ टाकला का?" आपलं लग्न झाल्यावर मी आपण होऊन तुम्हाला विचारलेली ती पहिली गोष्ट.

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "वारा टाकला."

मग तिथंच, लिंबाखाली बसून, तुम्ही मला समजावून सांगितलं. तरट ओलं पाहिजे आणि त्याला वारा लागला पाहिजे. तरटातलं पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना बाटलीतली गरमी घेऊन जातं. फ्रीजमध्येही तेच होतं, फक्त पाण्याच्या जागी गॅस असतो. "माठ बसून गार करतो, आपली बाटली पळून गार करती. वारा बंद झाला की गार व्हायचं बंद." शाळेत मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस सगळं सांगणारा आहे. आपलं चांगलं होईल.

तेवढंच सांगितलंत. पुढं एकोणीस वर्षांत तुम्ही मला फ्रीजबद्दल सांगितलंत, गाडीबद्दल सांगितलंत. स्वतःबद्दल काही नाही.

लातूर फाट्याजवळच्या या घरातून तुम्ही रोज सकाळी निघायचा. मागं गॅसची टाकी बांधलेली, हत्यारांची पिशवी, आणि हँडलला तीच बाटली. पाण्याच्या जागी ताक घालायला मी सुरुवात केली. माठाखालच्या वाळूत रात्रभर ठेवलेलं ताक, त्यात जिरं, मीठ, थोडा ओवा. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, कधी थेट लातूर. रस्त्यावरच्या सगळ्या टपऱ्यांचे, हॉटेलांचे, रसवंतीवाल्यांचे फ्रीज तुमच्या हातचे. उन्हाळा म्हणजे तुमचा सीझन. जग सावलीला बसायचं तेव्हा तुम्ही रस्त्यावर.

आणि आपल्या घरचा फ्रीज मागून उघडा पडलेला. त्याचा कॉम्प्रेसर तुम्ही कुठल्याशा लग्नघरी अडलं म्हणून काढून नेलात, दुसरा आणतो म्हणालात. त्या फ्रीजमध्ये मी कुरडया आणि शेवया ठेवते, मुंग्या लागत नाहीत म्हणून. वर्षातून दोनदा मी म्हणायची, "आपल्या फ्रीजचं बघता का?" तुम्ही म्हणायचा, "बघू की." हे आपलं एकमेव भांडण. तेही तुम्ही अर्धं टाकून गेलात. परवा शिवूनं त्याचं दार उघडलं, कुरडया बघितल्या आणि रडायला लागली. मी नाही रडले. मी दार लावलं.

आता कव्हरचं लिहिते. त्याच्यासाठीच बसले आहे.

चार वर्षांपूर्वी लातूरला तुमच्या पुतणीचं लग्न होतं. आपण दोघं गाडीवर गेलो. मांडवाच्या दारात तुम्ही हँडलची बाटली काढून हातात घेतली. तरट जुनं झालेलं, काळं पडलेलं, खाली धागे लोंबत होते. थोरल्या जाऊबाई समोरच उभ्या होत्या, नवी पैठणी नेसून. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "काय भाऊजी, दुनियेचे फ्रीज नीट करताय अन् तुमच्या बाटलीला तरट नेसवलंय? बायकोला एखादं बरं फडकं गावलं न्हाई व्हय?"

बायका हसल्या. तुम्हीही हसलात. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तिला उकडतंय, तिला पैठणी नेसवून कसं चालंल?" आणखी हशा झाला. तुमच्या दृष्टीनं विषय संपला. मी मात्र जेवणाच्या पंगतीत ताटात बघत बसले. फडकं गावलं नाही ते मला. बाटली तुमची असली तरी लाज माझी निघाली होती.

घरी आल्यावर मी सीटकव्हर शिवणाऱ्याकडून रेक्झिनचे तुकडे आणले. काळं, चकचकीत. आतून फोम लावला, वरून चेन बसवली, हँडलला अडकवायला पट्टा केला. माझ्या मशीनवर ते जात नव्हतं. दोन सुया मोडल्या, तिसऱ्या सुईनं शिवलं. चार दिवस लागले. आयुष्यात मी कुणाला दाखवावी अशी एवढी एकच वस्तू केली.

तुम्ही ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. वरून अंगठा फिरवला. मग थोडं थांबलात. आता रोज मला तुमचं ते थांबणं दिसतं. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. वारा आत जायला जागा नव्हती, पाणी धरायला तरट नव्हतं. मला लिंबाखाली शिकवणारे तुम्ही. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार. आणि मी, जिला तुम्ही शिकवलं होतं, मी जाऊबाईंच्या पैठणीपायी ते सगळं विसरून गेले होते. थर्मासला आत काहीतरी जाड असतं, तसा हा फोम, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तुम्ही म्हणालात, "झ्याक झालंय."

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "ताक गार राहिलं का?"

"हाव. लई गार."

त्यानंतर चार उन्हाळे. कधी मी विचारायची, कधी तुम्ही आपणच सांगायचा. "आज अहमदपुरात प्यालो. गार होतं." बाटली तुम्ही नळाखाली स्वतः धुऊन, पालथी घालून ठेवायचा. मी शेजारणीला सांगायची, आमच्या ह्यांना माझ्यावर उष्टी बाटली टाकायला आवडत नाही. 

पाचव्या दिवशी गफूरचाचा आले. त्यांची अहमदपूरच्या अलीकडं थंड पेयांची टपरी आहे, एवढंच मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं. तुमची गाडी त्यांनी टेम्पोत घालून आणली. हत्यारांची पिशवी आणली. आणि बाटली आणली, त्याच कव्हरात. घरात दहा-बारा माणसं बसलेली होती. चाचा दारातच खाली बसले. म्हणाले, "भाभी, माझ्यासमोर झालं सगळं. फ्रीजर चालू केला, आत हात घालून बघितला, बोलले, 'झालं चाचा.' फिर त्याच फ्रीजरला पाठ लावून बसले. मला वाटलं थकले. बसले ते बसलेच."

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवूनच माती दिली. बसला होता तसेच.

चाचांनी बाटली माझ्यापुढं ठेवली. जड होती. भरलेली. म्हणाले, "त्या दिवशी प्यायचं राहिलं. एक बात बोलू का, रागवू नका. हे कव्हर काढून टाका. ह्याच्यात ताक लई गरम होतं, आंबून जातं. मी कैक बार बोललो त्यांना, फेकून द्या, मी गार लस्सी देतो. नाही तर बाटली तरी फ्रीजरात ठेवा घटकाभर. ऐकायचेच नाहीत. डोळे मिटून एका दमात प्यायचे. बोलायचे, 'गप बसा चाचा, तिनं शिवलंय.'"

सगळी बसलेली माणसं हळहळली. थोरल्या जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. "बघा, किती जीव होता बायकोवर," त्या म्हणाल्या. त्याच जाऊबाई.

मी तिथून उठून आत गेले. लोकांना वाटलं रडायला गेली. मी मोरीत जाऊन झाकण उघडलं. पाच दिवसांचं ताक. तो वास मला ओळखीचा होता.

खरं ते लिहिते. दोन उन्हाळ्यांपूर्वी एकदा झाकणाच्या आतल्या रबराला मला तोच वास आला होता. बाटली तुम्ही धुतली होती, पण रबरात वास राहिला होता. मी झाकण राखेनं घासलं, उन्हात ठेवलं, आणि तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तुम्ही खरं सांगितलं असतं, याची मला भीती वाटली. तीन सुयांचं ते कव्हर होतं.

तेव्हा चूक माझीही आहे. पण तुमची मोठी आहे. माझी चूक ताकापुरती होती.

दहाव्या दिवशी शिवूनं गाडी पुसायला काढली. बाजूची डिकी उघडली. पान्यांच्या खाली, ग्रीसच्या फडक्यात गुंडाळून एक घडी केलेला कागद होता आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट. कागद इंग्रजी, त्यावर वरखाली जाणारी रेघ. शिवूनं तो दोनदा वाचला.

"आई, हे लातूरच्या डॉक्टरचं आहे. हृदयाचं. लगेच भरती व्हा असं लिहिलंय."

"कधीचं?"

"संक्रांतीच्या आधीचं."

संक्रांतीला तुम्ही माझ्या हातचे तीळगूळ खाल्ले आणि म्हणालात, बोल गं गोड. मी लाजून गोड बोलले. खिशात तो कागद असेल तेव्हा. होळी गेली. पाडव्याला तुम्ही पायरीवर बसला होता, डावा हात उजव्या हातानं दाबत. मी भाकरी करता करता विचारलं, "काय होतंय?" तुम्ही म्हणालात, "काही न्हाई. गॅस." मी म्हणाले, "हाव." आणि भाकरी उलटली.

तुमचं "काही न्हाई" आणि तुमचं "लई गार" एकच आहे, हे मला आता समजलं. दोन्ही एकाच आवाजात म्हणायचा तुम्ही. शिवूनं चाचांना फोन केला. त्यांना तुम्ही सांगितलं होतं म्हणे, सीझन जाऊ द्या, मग बघतो. चाचांना सांगितलंत. रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या छातीचं माहीत होतं, माझ्या ताकाचं माहीत होतं. घरात फक्त मला माहीत नव्हतं.

लोक म्हणतात जीव होता. मी वेगळं म्हणते. पाहुण्याच्या घरी चहा बिघडलेला असला तरी आपण गप पितो, वर फक्कड झालाय म्हणतो. घरचा माणूस पहिल्या घोटाला ओरडतो, हे काय केलंय म्हणून. एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या घरात पाहुण्यासारखे राहिलात. जे दिलं ते चांगलं म्हणालात. कधी भाजीला नाव ठेवलं नाही, कधी आवाज चढवला नाही, आणि त्याचं मला किती कौतुक होतं. बायका आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या तेव्हा मी मनातल्या मनात मिरवायची. आता वाटतं, एकदा तरी ते ताक माझ्यासमोर मोरीत ओतायला हवं होतं. एकदा तरी ओरडायला हवं होतं, बाई, तू वारा बंद केलास. मी दोन दिवस रुसले असते. तिसऱ्या दिवशी तरट शिवलं असतं. मग कदाचित तो कागदही तुम्ही माझ्यापुढं ठेवला असता. मला इंग्रजी येत नाही, पण तुमचा हात धरून दवाखान्यात बसवायला इंग्रजी लागत नव्हती.

चाकूरच्या त्या लिंबाखाली मला काय म्हणाला होता? काही झालं तर सांगत जा. तोंड हाय का न्हाई?

तुम्हाला होतं की.

तुमचं चांगलंही लिहायला पाहिजे, नाहीतर हे पान खोटं होईल. झाकणात ओतलेलं पहिलं पाणी नेहमी मला दिलंत. शिवूचं लग्न जमवा म्हणून तुमचा थोरला भाऊ बसून राहिला होता, तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात, "शिकून राहिली, शिकू द्या," आणि उठून गाडीला किक मारली. सोळाव्या वर्षी तिला ती गाडी शिकवलीत. ती पडली तेव्हा आधी तिचा गुडघा बघितलात, मग गाडी. हे सगळं मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर राग धरायला सोपं गेलं असतं.

परवा मी कव्हर उसवलं. चांगलं शिवलं होतं हो मी. टाके निघता निघत नव्हते. शेवटी ब्लेड घेतलं. मग मोंढ्यातून धान्य आणलेल्या पोत्याचा तुकडा कापला, दुहेरी केला, बाटलीला घट्ट शिवला आणि बादलीत बुडवून ठेवला. शिवू आता तुमची गाडी घेऊन विष्णुपुरीला कॉलेजात जाते. काल सकाळी मी ती बाटली हँडलला बांधली. तिनं नाक मुरडलं.

"आई, पोरी हसतील ना मला."

"हसू दे," मी म्हणाले. "आणि ऐक. गरम झालं तर गरम झालं म्हणायचं. खराब लागलं तर खराब. मला बरं वाटावं म्हणून बोलायचं नाही. पप्पाची आण आहे."

 एवढं मी एका दमात तिच्याशी कधी बोलले नव्हते.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. चार वाजता गाडीचा आवाज आला. तिनं बाटली ओट्यावर ठेवली. तरट कोरडं ठणठणीत होतं. मी विचारलं. तोच प्रश्न, ताक गार राहिलं का.

ती चप्पल काढत म्हणाली, "कोमट झालं होतं. जाताना गार होतं, मग गाडी उन्हात उभी राहिली अन् पोतं वाळून गेलं. मधे एकदा भिजवावं लागतं, उद्या भिजवीन. आणि आई, मीठ किती टाकतेस गं? खारट्ट होतं नुसतं."

मी म्हणाले, "बरं."

ती हातपाय धुवायला गेली. माझ्यावर आभाळ कोसळलं नाही. वाईटही वाटलं नाही. ओट्याला टेकून उभी राहिले आणि तेव्हा मला वीस दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं. एवढंच तर होतं. चप्पल काढता काढता म्हणून टाकण्याइतकं.

आज सकाळी मी ताकात निम्मं मीठ टाकलं. ती गेल्यावर हे लिहायला बसले. मीठ एकोणीस वर्षं मी तेवढंच टाकत आले. तुम्हाला ते खारट लागत होतं का, हे आता मी कुणाला विचारू?